भेग, गरम पाणी आणि आपली बोअर
(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर कीर्तनकार आले, प्राध्यापक आले, डॉक्टर आले. आम्ही त्यांपैकी कोणीच नाही. आम्ही डिप्लोमावाले. राज्य सरकारच्या नोकरीत, पाण्याच्या कामावर वीस वर्षे होत आली. ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. जीपमध्ये आम्ही चौघे असतो: ड्रायव्हर, तारा ओढणारा मदतनीस, एक तरुण सहकारी आणि हा तुमच्यासमोर उभा असलेला. जे शिकलो ते चौघांनी मिळून शिकलो आणि जे चुकलो तेही चौघांनी मिळून. त्या चुकीबद्दलही आज बोलायचे आहे. पण आधी दगडाबद्दल बोलू, कारण चूक तिथूनच सुरू होते.

आपण बसलो आहोत त्या सतरंजीचे टोक जरा उचलून बघा. खाली शहाबादी फरशी आहे. पुण्या-सोलापूरच्या वाड्यांतून, शाळांतून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर जी फरशी असते ती आपल्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या शहाबादची. आता कलबुर्गी म्हणायचे, पण आमच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. ही फरशी म्हणजे चुनखडक. समुद्राच्या तळाशी थरावर थर बसत गेले म्हणून ती पानासारखी सुटते. त्या समुद्राच्या काळी जमिनीवर गवताचे पातेही नव्हते, इतका हा दगड जुना आहे.

भीमेच्या काठाने खाली जात राहिले की आपल्या मुलखाचे मजले एकामागून एक दिसतात. गाणगापूरला दत्तदर्शनाला जाता तेव्हा आजूबाजूला काळी माती आणि काळा दगड असतो. हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, महाराष्ट्रातून आला तो इथवर पसरला. सगळ्यांत वरचा मजला हा. बीदरकडे त्याच्याही डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. पुढे सन्नतीला चंद्रलांबा परमेश्वरीच्या दर्शनाला जा. आपल्यातल्या कित्येकांची ती कुलदेवता. तिथे काळा दगड संपून फरशीचा दगड लागतो. शेजारच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपावरची कोरीव शिल्पे त्याच चुनखडकातली आहेत. आणखी खाली शहापूर-यादगीरकडे गेलात की गोल गोल धोंड्यांचे डोंगर लागतात. तो ग्रॅनाइट, सगळ्यांत तळाचा मजला.

फरशी आणि ग्रॅनाइट यांच्या मध्ये एक पातळ थर आहे. त्याच्याकडे कोणी फारसे बघत नाही. तो वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड. तळाशी गोटे आणि खडे, वर वाळू, त्यावर गाळ. समुद्र जेव्हा ग्रॅनाइटच्या जमिनीवर चढत आला तेव्हा त्याच्या किनाऱ्याची ही वाळू. दक्षिणेकडच्या कडेला ती बुटक्या, लांबट टेकड्यांच्या रूपात उघडी पडलेली दिसते. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने हा सगळा प्रदेश पालथा घातला आणि १८७६ साली त्याचा ग्रंथ निघाला. ग्रंथाच्या नावातच ‘दक्षिण मराठा मुलूख आणि लगतचे जिल्हे’ असे आहे. भाषेच्या सीमारेषा नंतर आल्या. दगड तेव्हाही एकच होता.

लाडू आणि पाक

वालुकाश्म समजायला सोपा आहे. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांपुढे आणा. दाणे असतात आणि दाण्यांना धरून ठेवणारा गुळाचा पाक असतो. वाळूच्या दगडातही तसेच. दाणे गारेचे, आणि पाक कधी चुन्याचा, कधी लोखंडाच्या गंजाचा, कधी मातीचा, कधी गारेचाच. पाक कच्चा असेल तर लाडू हातात भुगा होतो. पाक पक्का असेल तर दात दुखतात. वालुकाश्माची टेकडी उभी राहणार की वाहून जाणार, हे दाण्यांवर नाही, पाकावर ठरते. आणि पाक बदलणाऱ्या दोन गोष्टी आहेत: भेग आणि गरम पाणी.

शाळेच्या भूगोलात प्रस्तरभंग हा शब्द असतो. आम्ही तिला सरकलेली भेग म्हणतो. नुसती चीर पडली तर दोन्ही बाजू जागेवर राहतात. सरकलेल्या भेगेत एक बाजू वर जाते, खाली जाते किंवा आडवी सरते. सरकताना मधला दगड जात्यातल्यासारखा भरडला जातो. कुठे टोकदार तुकडे होतात, कुठे पीठ होते. कधी कधी घासलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत होते आणि तिच्यावर रेघा राहतात. त्या रेघांवरून हात फिरवला की दगड कोणत्या दिशेने सरला ते कळते. आमच्या मदतनीसाला हे मीटरशिवाय कळते.

खालून आलेले पाणी

आता गरम पाणी. ज्वालामुखी असल्याशिवाय गरम पाणी कसले, असे आपल्याला वाटते. पण वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवऱ्याचे पाणी तर सत्तर अंशांच्या आसपास असते. तिथे आज कुठलाही ज्वालामुखी नाही. पावसाचेच पाणी भेगांतून खोल जाते. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की साधारण पंचवीस ते तीस अंशांनी उष्णता वाढते. खोल जाऊन तापलेले पाणी हलके होते आणि दुसऱ्या भेगेने वर येते.

विदर्भात मोर्शी तालुक्यात सालबर्डी आहे, महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. तिथून सातपुड्याच्या पायथ्याची मोठी भेग जाते, तिला गाविलगडची भेग म्हणतात. एका बाजूला वाळूचा दगड आणि दुसऱ्या बाजूला लाव्ह्याचा काळा दगड समोरासमोर आले आहेत, आणि तिथेच गरम पाण्याचे झरे आहेत. भेग, वालुकाश्म आणि गरम पाणी हे त्रिकूट जिवंत बघायचे असेल तर तिथे जावे.

हे गरम पाणी नुसते पाणी नसते. थंड पाण्यात गार जवळजवळ विरघळत नाही. लिटरमध्ये दहा मिलिग्रामही मुश्किलीने. तेच पाणी खोलवर, दाबाखाली दोनशे अंशांना गेले की अडीचशे मिलिग्रामच्या आसपास गार पोटात घेते. मग ते भेगेतून वर येते, थंड होते आणि घेतलेले तिथेच टाकते. साखरेचा पाक थंड झाला की कडेला खडे धरतात, तसे. भरडलेल्या तुकड्यांमधल्या फटी पांढऱ्या गारेने भरतात. पूर्वी कल्हईवाला गळक्या भांड्याला डाग द्यायचा. इथेही तसेच होते. दगड जिथे मोडला होता तिथेच तो सगळ्यांत घट्ट सांधला जातो. पुढे लाखो वर्षे पाऊस पडतो, आजूबाजूचा मऊ दगड झिजतो आणि सांधलेला पट्टा भिंतीसारखा उभा राहतो. रानात सरळ रेषेत चाललेली अरुंद टेकडी दिसली की आम्ही जीप थांबवतो.

पण पाण्याचा स्वभाव एकच नसतो. कधी ते आंबट असते. मग दाण्यांमधले जे खनिज कच्चे असते त्याची पांढरी माती होते, चुन्याचा पाक धुऊन जातो आणि टेकडी आतून पोकळ होते. अशा जागी कुदळ मारली की दगड पिठासारखा गळतो. कधी पाणी लोखंड धुऊन नेते, तेव्हा तांबडा दगड फिका पडतो. कधी लोखंड आणून टाकते, तेव्हा फिका दगड गेरूसारखा होतो. एकाच टेकडीत शंभर पावलांवर तिन्ही प्रकार सापडतात: टणक, भुसभुशीत आणि रंग पालटलेला. म्हणून टेकडी कुठली ते आम्ही विचारत नाही. भेग कुठून गेली आणि पाणी कोणत्या गुणाचे होते, ते विचारतो.

हातोडीनेही कळते. साधा वालुकाश्म फोडला तर दाण्याभोवतीने फुटतो, बोटाला खरखरीत लागतो. गारेने सांधलेला फोडला तर दाण्यांतून आरपार फुटतो, कड धारदार येते आणि आवाज खणखणीत येतो. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलात तर तिथला दगड असाच खणखणीत आहे. नविलुतीर्थाच्या खिंडीत मलप्रभेने त्या कठीण कण्यातून वाट काढली आहे आणि तीच अरुंद जागा धरणासाठी निवडली गेली. तो दगड असा मुरला त्याला खोल गाडले जाणे आणि दाबही कारण आहेत, पण दाण्यांना गारेचाच पाक, हे तत्त्व तेच.

गोगीची भेग

आपल्या घराजवळचे उदाहरण गोगीचे. शहापूर तालुक्यातले हे गाव. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होते, आता यादगीर जिल्ह्यात. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसुफ आदिलशहा याची कबर गोगीला आहे. इतिहासाची आवड असलेल्यांना गाव त्यासाठी माहीत असते. आमच्या खात्यातल्यांना ते भेगेसाठी माहीत आहे.

ही भेग साधारण पूर्व-पश्चिम जाते. ती सरकली तेव्हा तळमजल्यावरचा ग्रॅनाइट वर आला आणि चुनखडकाच्या अंगाला भिडला. मधला पातळ वालुकाश्म आणि दोन्हीकडचा दगड भरडला गेला. त्या भरडीतून खालचे गरम पाणी खेळले. त्याने ग्रॅनाइटमधले थोडे थोडे युरेनियम पोटात घेतले आणि भेगेत, जिथे रसायन पालटले, तिथे ते टाकले. सोबत सोन्यासारखे चमकणारे लोखंड-गंधकाचे खनिज, ज्याला पायराइट म्हणतात, तेही टाकले. अणुखनिज संचालनालयाच्या लोकांनी हा साठा शोधून काढला. भारतातल्या बहुतेक साठ्यांच्या मानाने त्याची प्रत चांगली आहे. खाण व्हावी की न व्हावी, यावर तिथल्या लोकांची स्वतःची मते आहेत, काळज्या आहेत. त्यात आम्ही पडत नाही. आम्हाला आज एवढेच दाखवायचे आहे की गरम पाणी जाताना रिकाम्या हाताने गेले नाही. त्याने भेगेत ठेवी ठेवल्या. काही ठेवी गारेच्या, काही लोखंडाच्या, काही अशा की ज्यांची नावे पाण्याच्या पेल्यासमोर घेऊ नयेत.

प्राचीन गरम पाण्याने जे आणून ठेवले, ते आजचे थंड पाणी हळूहळू उचलते. आमची चूक इथली आहे.

डाळ छान शिजते

काही वर्षांपूर्वी एका खेड्यासाठी बोअरचा पॉइंट द्यायचा होता. गावाचे नाव घेत नाही. ग्रॅनाइटच्या कडेचे गाव, उन्हाळ्यात बायका दीड मैलावरच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. पाणाड्याने आधी दोन पॉइंट दिले होते, दोन्ही कोरडे गेले. आम्ही गेलो तर गावामागे वालुकाश्माची बुटकी टेकडी, आणि ती एका जागी तुटून तीस-चाळीस पावले बाजूला सरकलेली. त्या खिंडीत टोकदार तुकडे, पांढऱ्या गारेच्या शिरा, घासलेली गुळगुळीत बाजू, सगळे पुस्तकातल्यासारखे. तारा टाकल्या, मीटर लावला, खुणेचा दगड ठेवला.

रिग रात्री आली. आधी तांबडी माती, मग वाळूचा चुरा, मग पांढरी माती, मग गारेचे तुकडे, आणि दोनशे फुटांच्या पुढे पाणी उसळले. अडीच इंची पाणी! रात्री दोन वाजता अख्खे गाव गोळा झाले. नारळ फुटले, गुलाल उडाला, आमच्या ड्रायव्हरला खांद्यावर घेतले. पाण्याचा नमुना बाटलीत भरला, बाटलीवर चिठ्ठी लावली आणि ती जीपच्या मागच्या सीटखाली ठेवली.

ती तिथेच राहिली. फायलीवर ‘यशस्वी’ असा शेरा पडला. दुसऱ्या गावचा पॉइंट आला, तिसऱ्या गावचा आला. पुढे जीप धुवायला काढली तेव्हा बाटली घरंगळत बाहेर आली. सात महिने झाले होते.

आम्ही धावत जाऊन नवा नमुना घेतला. अहवाल आला: फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्राम फ्लोराइड चालते. दुसरे पाणी नसेलच तर दीडपर्यंत. त्यावर वर्षानुवर्षे पीत राहिले तर आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, पुढे सांधे आणि कणा आखडतात. सात महिन्यांत कणा वाकत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले म्हणून आम्हाला त्या रात्री झोप लागली. पण बाटली सात वर्षे सीटखाली राहिली असती तर?

पंपाला लाल रंग द्यायला आम्ही स्वतः गेलो. ब्रश मदतनीसाच्या हातात होता. एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, “साहेब, या पाण्यात डाळ किती छान शिजते! विहिरीच्या पाण्यात शिजतच नव्हती. एवढे गोड पाणी, ते वाईट कसे?”

आम्हाला उत्तर येत होते, पण तिथे तोंडातून निघाले नाही. आज सांगतो. विहिरीच्या पाण्यात चुन्याचा अंश जास्त होता म्हणून डाळ शिजत नव्हती. आणि चुन्याचा अंश भरपूर असतो तिथे फ्लोराइड फार वाढू शकत नाही, कारण दोघे मिळून घन होऊन खाली बसतात. भेगेतले खोल पाणी ग्रॅनाइटच्या सहवासात बरीच वर्षे राहिलेले. त्यात चुन्याचा अंश कमी, म्हणून ते गोड, म्हणून डाळ शिजते, आणि म्हणूनच त्यात फ्लोराइडला मोकळे रान. ज्या गुणासाठी गाव पाण्याला नावाजत होते, तोच गुण धोक्याची खूण होता. जिभेला खार कळतो, फ्लोराइड कळत नाही.

आता त्या गावाला दुसऱ्या ठिकाणाहून नळाने पाणी येते. लाल पंपाचे पाणी भांडी-कपड्यांना वापरतात. तेव्हापासून आमच्या जीपचा एक नियम आहे: बाटली ड्रायव्हरच्या मांडीजवळ, समोर, डोळ्यांपुढे. आणि अहवाल आल्यावरच नारळ.

आपल्यासाठी

तुम्ही म्हणाल, आम्ही शहरात राहतो, नळाचे पाणी पितो, याचा आमच्याशी काय संबंध? आपल्यापैकी बहुतेकांची जमीन गावी आहे. आळंदला, चिंचोळीला, हुमनाबादला, भालकीला. वाटेकरी, सालगडी, भाऊबंद त्या बोअरचे पाणी पितात. सुट्टीत आपली मुलेही पितात. म्हणून चार गोष्टी हात जोडून सांगतो.

पहिली, पाणी भरपूर लागले म्हणजे पाणी चांगले लागले असे नाही. भेगेवर पाणी हमखास लागते म्हणूनच आम्ही भेगेवर पॉइंट देतो, आणि भेगेवरच तपासणी सगळ्यांत जास्त लागते. दुसरी, नमुना घेण्याआधी मोटार काही वेळ चालू ठेवा, प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा, नाव-गाव-तारीख लिहा आणि दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचवा. पावसाळ्यानंतर एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा. तिसरी, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि तेच प्रमाण वाढते. चौथी, ग्रॅनाइटच्या पट्ट्यात, मोठ्या भेगेजवळ शेत असेल तर युरेनियमचीही तपासणी मागून घ्या. त्याची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्राम आहे. प्रत्येक प्रयोगशाळेत ती तपासणी होत नाही, म्हणून आधी विचारून बाटली पाठवा.

शेवटी, दरवर्षी मुले विचारतात त्या प्रश्नाबद्दल. “काका, या भेगा पुन्हा सरकतील का?” १९९३ च्या अनंत चतुर्दशीची रात्र इथल्या मोठ्यांना आठवते. बाप्पांना निरोप देऊन लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारी हादरली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. भांडी फळीवरून पडली आणि आई आम्हाला ओढत अंगणात घेऊन आली, एवढे लख्ख आठवते. हजारो माणसे गेली. नंतर तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडले. ३३८ मीटर काळा दगड, त्याखाली आठेक मीटर जुना गाळ आणि त्याखाली ग्रॅनाइटचा तळ निघाला. म्हणजे तोच तळमजला, जो शहापूरला उघडा आहे. वर काळ्या दगडाची चादर असल्याने खालच्या भेगा दिसत नव्हत्या, एवढाच फरक. आपल्या भीमाकाठच्या भेगा फार जुन्या, बहुतेक गारेने सांधलेल्या. म्हणून रोज भिऊन राहायचे कारण नाही. पण घर बांधताना पट्टा आणि कॉलमचे लोखंड वाचवायचे नाही, एवढे शहाणपण किल्लारीने आपल्याला शिकवले आहे. ते विसरू नये.

दहाव्या दिवशी आपण मातीची मूर्ती पाण्यात सोडतो. त्या रात्री घरी जाल तेव्हा एक बाटली स्वच्छ धुऊन दारापाशी ठेवा. पुढच्या वेळी गावी जाताना ती सोबत न्या, बोअरचे पाणी भरा आणि आमच्याकडे आणून द्या. सीटखाली ठेवणार नाही, हा शब्द.

गणपती बाप्पा मोरया!